उत्तरेच्या भिंतीवरच्या सात शेण्या

मु. बौद्धवाडी, पोलादपूरच्या अलीकडे
ता. ५ ऑक्टोबर १९८१

आदरणीय महादूदादांना आणि काशीवहिनींना श्रीपतचा जयभीम.

सर्वांत आधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. मागच्या खेपेला वहिनी म्हणाल्या होत्या की तुम्ही मांडी घालून बसलात की उठवायला दोन माणसं लागतात आणि उठलात की बसवायला तीन. निर्गुडीच्या पाल्याचा शेक सोडू नका. तुमच्याकडे कापड्याला हळवं भात कापायला आलं असेल, ते आडवं पडलं का उभं आहे तेही लिहा. म्हैस व्याली का, आणि रेडी झाली का रेडा? आम्हाला नात झाल्याचं तुम्हाला कळलंच असेल. थोरलीची आणि बाळाची तब्येत चांगली आहे, असं तुमच्या बहिणीचं, सुंदराचं, मुंबईहून कार्ड आलं आहे. इकडचंही सगळं ठीक आहे. (असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. पुढचं वाचून झालं की हे वाक्य नव्हतंच असं समजा.)

दादा, मला उत्तरेकडच्या भिंतीसंबंधी तुमच्याशी बोलायचं आहे. पण ते क्रमाने येईल. एकतीस वर्षं महाडच्या कोर्टात कारकुनी केली, क्रम सोडून मला काही सांगताच येत नाही. आज फक्त एवढं ध्यानात ठेवा की सुंदरा तेरा तारखेला, म्हणजे आश्विन पौर्णिमेला, वर्षावासाच्या समाप्तीला घरी येते आहे. आल्याआल्या ती हातपाय धुवायला मागल्या पडवीत जाईल, आणि तिथे तिला ती भिंत दिसेल. आठ दिवस राहिले. माझी झोप गेली आहे.

आता मुळापासून सांगतो. महाडला असताना आश्विन महिना कधी येतो आणि कधी जातो, हे मला कळतही नसे. चवदार तळ्याजवळची ती भाड्याची खोली तुम्ही पाहिली आहे. एक दार, एक खिडकी. पाऊस संपला की छत्री खुंटीला अडकवायची आणि दिवाळीच्या सुट्टीची वाट पाहायची, एवढाच आमचा ऋतुबदल. बाकी जे काय घरात बदलत असेल ते सुंदरा बदलत असे आणि मी कोर्टात असे. आता निवृत्त झालो, वाडीवर स्वतःचं घर बांधलं, आणि पहिल्याच वर्षी ही लेकीच्या बाळंतपणाला गेली. गणपतीची गर्दी ओसरल्यावर मी तिला पोलादपूरच्या स्टँडवर सोडायला गेलो होतो. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून ती मला सूचना देत होती, मी त्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवून घेत होतो. एकूण अकरा झाल्या. तिची पत्र्याची ट्रंक तिने मला वर फळीवर ठेवूही दिली नाही, मांडीवर घेऊन बसली आणि त्या ट्रंकेवर हात आपटून म्हणाली, मी येईपर्यंत घर पावसाळ्यातून बाहेर काढून ठेवा. घर पावसाळ्यातून बाहेर काढायचं असतं, हे मला साठाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं.

सूचना क्रमांक एक: पाऊस गेला की ओटीची झड सोडायची. कारवीच्या काठ्यांना पेंढा बांधून तुम्हीच वैशाखात येऊन हा पडदा ओटीच्या पश्चिमेला लावून दिला होता, त्यामुळे त्याच्या मजबुतीबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न असा की पाऊस गेला, हे ठरवायचं कोणी? कोर्टात एखादी गोष्ट संपली की निकाल लागतो, खाली सही होते, शिक्का बसतो. पावसाच्या बाबतीत तसं काही दिसेना. शेजारच्या शेताचा हैबती, त्याला मी बांधावर गाठलं. तो म्हणाला, तेरडा सुकू दे, मग बघ. मी तेरडा बघायला गेलो तर निम्मा सुकलेला आणि निम्मा फुललेला. हैबतीची बायको बनुबाई म्हणाली, हस्त सरू दे. कॅलेंडरात पाहिलं तर हस्त नक्षत्र दहा तारखेपर्यंत, म्हणजे मला झड सोडून बाकीच्या दहा सूचना तीन दिवसांत उरकायच्या. कापड्याच्या गाडीचा कंडक्टर सहदेव तुमच्या ओळखीचा आहे. त्याला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही गाडीच्या खिडक्या वर सरकवल्या की पाऊस गेला समजा. मी विचारलं, खिडक्या वर कधी सरकवता? तर म्हणाला, पाऊस गेला की. आता यातून माणसाने काय घ्यायचं?

शेवटी मी रेडिओवर विसंबलो. रेडिओवर स्पष्ट शब्दांत सांगितलं की मोसमी पाऊस राज्याच्या काही भागांतून परतला आहे. 'काही भागांतून' हे शब्द मी त्या वेळी मनावर घेतले नाहीत. (असले शब्द मी स्वतः एकतीस वर्षं लिहिले आहेत. मला तरी कळायला हवं होतं.) सव्वीस तारखेला सकाळी मी झड सोडली. ओटीवर एवढा उजेड आला की मला स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखं वाटलं. चार वाजता महाबळेश्वरच्या अंगाने गडगडायला लागलं. साडेचारला माझी खुर्ची, वर्तमानपत्राची चळत, रेडिओ आणि मी, असे सगळे भिजलेले होतो. पावसातच झड पुन्हा बांधली. ती बांधताना पेंढ्याचं टोक खाली ठेवतात की वर, हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. मी वर ठेवलं. हैबती डोक्यावर घोंगडी घेऊन बघायला आला आणि म्हणाला, "कारकूनसायब, ही झड पाऊस भायेर ठेवत नाय, घरात बोलावत हाय." खरंच, पाणी पेंढ्यावरून अगदी शिस्तीत ओळीने आत येत होतं.

तर दादा, आजपर्यंत मी ती झड तीन वेळा सोडली आणि दोन वेळा बांधली. तिसऱ्यांदा सोडली ती एक तारखेला, आणि तेव्हाच पहिला घात झाला. सुंदराने काकडीच्या मांडवाची एक दोरी झडीच्या खांबाला बांधली होती. का बांधली, मला माहीत नाही. ती दोरी झडीचीच समजून मी ओढली. झड आली नाही, मांडव आला. मांडवाबरोबर तुमच्या आईने दिलेल्या बियांचा काकडीचा वेल आला, मुळासकट, आणि माझ्या गळ्यात पडला. बाकीच्या काकड्या केव्हाच संपल्या होत्या. वेलाला एकच होती, बोटाएवढी कोवळी, तिच्यात बी धरलेलं नव्हतं. तिची मी कोशिंबीर करून खाल्ली. चांगली लागली, आणि खाताना वाईटही वाटलं. (माझा वेल मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होता, तो शाबूत राहिला. महाडच्या बाजारातून मी मोठ्या हौसेने नव्या जातीचं बी आणलं होतं, पाकिटावर काकडीचं रंगीत चित्र होतं, ते मी अजून जपून ठेवलं आहे. सुंदरा म्हणते ती काकडी कडू आहे. मी म्हणतो कडसर आहे. बनुबाईच्या बकरीने एकदा वास घेऊन तोंड फिरवलं, पण बकरीचं ऐकून जात ठरत नाही. जाताना मी सुंदराला चार वेळा विचारलं होतं, माझ्या काकडीचं बी धरलंस का? ती म्हणाली, धरलंय हो, सगळ्याचं बी धरलंय.)

मध्यंतरी माझ्या दिनक्रमाचं काय झालं तेही ऐका, म्हणजे माझ्या मनाची अवस्था लक्षात येईल. पावसाळ्यात एक बरं असतं, सकाळी उठलं की पाऊस, संध्याकाळी पाऊस, माणसाला विचार करावा लागत नाही. आता पहाटे थंडी, दुपारी अंगाची लाही, संध्याकाळी पुन्हा गार. परवा पहाटे कौलांवरून टपटप ऐकू आली. मी छत्री उघडून अंगणात उतरलो. वर आभाळ स्वच्छ, चांदण्या ठळक, आणि मी छत्रीखाली. ते दव होतं. आपल्याकडे दव इतकं पडतं? मी आजवर फक्त वाचलं होतं, तुम्ही कधी बोलला नाहीत. हैबती पाण्याला जात होता, त्याने माझ्या छत्रीकडे पाहिलं, आणि दुपारपर्यंत वाडीतल्या तिघांनी मला विचारलं की पाऊस किती झाला.

सूचना क्रमांक सहा होती, कंदिलाची काच महाडहून आणा. सकाळी सहाच्या गाडीला निघालो तेव्हा अंगावर स्वेटर, त्यावर कोर्टातला काळा कोट, हातात छत्री. (कोटाला पावसाळ्यात पांढरी बुरशी आली होती, ती मी दोन दिवस उन्हात घालून घालवली. एक बाजू आता तपकिरी झाली आहे. दुसरी काळीच आहे. डावीकडून पाहिलं तर मी निवृत्त दिसतो आणि उजवीकडून नोकरीत.) महाडला काच घेऊन दुकानातून बाहेर आलो तेव्हा दहा वाजले होते आणि ऊन असं की रस्ता भाजत होता. कोट एका हातावर, स्वेटर दुसऱ्या, छत्री काखेत, काच गुंडाळलेली छातीशी. कोर्टातले जुने सोबती मुरारी भेटले, म्हणाले, "श्रीपतराव, घर सोडून निघालात की काय?" मी म्हटलं, नाही, ऋतू बदलतो आहे. त्यांनी मला चहा पाजला. परतताना स्वेटर गाडीत राहिला, तो सहदेवने दुसऱ्या दिवशी आणून दिला. काच मात्र सुखरूप आली. फक्त ती आपल्या कंदिलाला बसत नाही.

बाकीच्या सूचना मी एकेक करून खाली रेघ मारत पार पाडल्या. वाकळा उन्हात घातल्या. (बनुबाईच्या कोंबडीने त्यांत दोन अंडी घातली. ती कोणाची, यावर निकाल व्हायचा आहे.) अंगण धुमसाने चोपलं, तर दुसऱ्या दिवशी हात कानापर्यंत वर जाईना. मग ते शेणाने सारवलं. शेण किती आणि पाणी किती हे प्रमाण सूचनेत नव्हतं. पहिल्यांदा अंगण नुसतं हिरवं झालं, दुसऱ्यांदा त्यात माझी चप्पल रुतून बसली. तिसऱ्यांदा बनुबाईने कमरेला पदर खोचून मला बाजूला केलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमी ओटीवर बसा. तुमी बसलाव की काम लवकर व्हतं." मी बसलो. खरंच लवकर झालं. सूचना क्रमांक दहा होती, आंघोळीच्या पाण्याची चूल मागल्या पडवीतून अंगणात काढा. तीही काढली. अकरावी होती, उगाच जास्त काही करू नका.

दादा, ही अकरावी मी पाळली असती तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

तीन तारखेला माझं सगळं आटोपलं होतं. घर झाडलेलं, अंगण गुळगुळीत, ओटीवर ऊन. माणसाला अशा वेळी अंगात बळ येतं. मी पाठीवर हात बांधून घराभोवती फिरलो आणि उत्तरेच्या भिंतीशी, मागल्या पडवीत, थांबलो. भिंतीवर हात पोचेल एवढ्या उंचीवर सात शेण्या थापलेल्या होत्या. वाळलेल्या, प्रत्येकीवर बोटं उमटलेली, चार एका ओळीत आणि तीन खाली. मी म्हटलं, एवढं झकपक घर आणि भिंतीला हे काय? अकरा सूचनांत भिंतीचा उल्लेख नव्हता. ज्याचा हुकुमात उल्लेख नाही ते कारकुनाच्या मर्जीवर, असा आमचा इतक्या वर्षांचा शिरस्ता. मी खुरपं घेतलं आणि सातही खरवडून काढल्या. आत काहीतरी पांढरं चपटं चमकत होतं. मला वाटलं भाताचं तूस असेल. वरून भिंतीला चुन्याचा हात दिला. आणि नव्या चुलीचं उद्घाटन म्हणून त्या सातही शेण्या हंड्याखाली घातल्या. बारीक तडतड झाली. मी म्हटलं, फाटी ओली दिसतात. पाणी असं कढत झालं की काय सांगू. महिन्याभरात तशी आंघोळ झाली नव्हती. अंगाला खोबरेल लावून, गाणं गुणगुणत, धुतलेलं धोतर नेसून मी ओटीवर बसलो तोच बनुबाई विस्तव न्यायला आली. मागे गेली, परत आली आणि उभी राहिली. "भाऊ, काकडीचा बी काढून कुठं ठेवलाव?"

मी विचारलं, कसलं बी?

त्यावर तिने मला जे समजावलं ते तुम्हाला सांगायला नको, तुमच्या घरी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं असेल. पिकल्या काकडीचं बी शेणात कालवायचं, भिंतीला थापायचं, म्हणजे किडा लागत नाही आणि जेठात पाऊस पडला की शेणी फोडून लावायचं. मला हे ठाऊक नव्हतं. साठ वर्षांच्या माणसाला, जो याच तालुक्यात जन्मला, त्याला ठाऊक नव्हतं, हे मी तुमच्यापुढे कबूल करतो. मी पळत चुलीशी गेलो, राख हाताने चाळली. हात भाजला. सात शेण्यांतलं एकही बी मिळालं नाही. एक काळं दिसलं ते उचललं तर मुंगळा होता.

दादा, इथे मला विनोद सुचत नाही. ते बी तुमच्या आईचं होतं. मागच्या दिवाळीला आम्ही कापड्याला आलो होतो, तेव्हा त्यांनी भिंतीवरची एक शेणी काढून सुंदराच्या ओटीत घातली होती आणि म्हणाल्या होत्या, आता तुझं घर झालं, तुझा मांडव घाल. माघात त्या गेल्या. सुंदरा चार लोकांत रडली नाही, हे तुम्ही पाहिलं. लोक म्हणाले मनाची घट्ट आहे. पण जेठात पहिल्या सरीनंतर तिने आळं केलं, ती शेणी फोडली, बी लावलं, वरून माती ओढली, आणि तिथेच चिखलात बसून ती बराच वेळ रडत होती. मी ओटीवर पेपर उघडून बसलो होतो. पेपर खाली ठेवून तिच्याजवळ जायला हवं होतं. गेलो नाही. मला काय बोलावं ते समजेना, म्हणून मी तेच पान पुन्हा वाचत बसलो. तिला वाटलं मी पाहिलंच नाही. पुढे त्या वेलाला पहिली काकडी धरली तेव्हा तिने ती तोडू दिली नाही, बियांसाठी राखली, पिवळी होऊन तडकेपर्यंत. आणि तिच्या बियांवर मी पाणी तापवलं.

भिंतीबद्दल तिने मला काही बजावलं का नाही, याचा मी तीन दिवस विचार करतो आहे. बाकी कंदिलाच्या काचेबद्दलसुद्धा बजावलं. मला वाटतं, भिंतीवरचं बी कोणी खरवडून जाळेल, असं शहाण्या माणसाच्या मनातच येत नाही. तिने मला शहाणं धरलं. मला तेच जास्त लागतं आहे.

असो. थंडीवाऱ्याचं जपा. वहिनींना नमस्कार सांगा, मुलाबाळांना आशीर्वाद. नातीचं नाव ठेवायला दिवाळीनंतर सगळ्यांनी यावं. घर पावसाळ्यातून पूर्ण बाहेर आलं आहे, उजेड भरपूर आहे.

तुमचा,
श्रीपत दाजी

ता.क. पत्र लिहिण्याचं खरं कारण राहूनच गेलं. तुमच्या घरी तुमच्या आईचं बी नक्की असणार. सबब विनंती अशी की काशीवहिनींकडून सात शेण्या थापून घ्याव्या, आत तेच बी घालावं, आणि वाळवून वर्तमानपत्रात गुंडाळून बारा तारखेच्या आत सहदेवच्या हाती गाडीने पाठवाव्या. चार थोड्या मोठ्या आणि तीन थोड्या लहान. बोटं उमटलेली हवीत, पाचही. वहिनींचा हात सुंदराच्या हाताएवढाच आहे का, बांगडी कोणत्या मापाची लागते, ते आधी पाहावं. ताज्या हिरव्या दिसता कामा नयेत, वरून थोडी राख चोळली तर बरं. त्या भिंतीला कशा चिकटवायच्या, याचाही खुलासा करावा. (मी काल इकडच्याच शेणाची एक करून पाहिली. ती रात्रभर राहिली आणि सकाळी पडली.) तिने विचारलं तर मी खरं सांगेन, असं मी ठरवलं आहे. तिने विचारू नये, एवढीच व्यवस्था व्हावी.

ता.क. २. ता. ६. वरील मजकूर पुन्हा वाचला. मी आयुष्यात खोटा कागद केला नाही, आणि निवृत्तीनंतर खोटी शेणी करवून घेतो आहे. पण बी खरं असेल, बीही तुमच्याच आईचं आणि शेणही त्याच घरचं. मग ते खोटं कसं, हे मला नीटसं कळत नाही. तुम्हाला कळलं तर लिहा.

ता.क. ३. ता. ७. दादा, घोटाळा! ही आज दुपारच्या गाडीने येऊन उतरली. थोरलीच्या सासूबाई आल्या म्हणून सहा दिवस आधी निघाली, उद्या दसरा म्हणजे आपला धम्मचक्राचा दिवस घरी व्हावा म्हणून. ती दारात चपला काढत होती तेवढ्यात मी मागे धावलो आणि उत्तरेच्या भिंतीवर सर्वांत मोठी वाकळ वाळत घातली. तिने विचारलं, ही इथे सावलीत का? मी म्हटलं, उन्हाने रंग जातो. अंगण बघून म्हणाली, छान सारवलंत. (बनुबाईचं नाव घ्यायला हवं होतं.) वाकळ फार दिवस तिथे ठेवता येणार नाही, तरी तुम्ही घाई करा. घरात डिंक मिळत नाही, पाकीट उद्या सकाळी चिकटवून सहदेवकडे देतो. तोवर ते माझ्या सदऱ्याच्या खिशात सुरक्षित आहे.

दादा, सुंदराचा जयभीम. हे पत्र यांच्या सदऱ्याच्या खिशात गावलं. सदरा भिजवायला घेतला हुता. हे नदीवर गेल्यात, तवर सगळं वाचलं. तू मला चवथीपर्यंत शाळंत धाडलंस, ते आज कामाला आलं.

भिंतीला हुतं ते यांच्याच कडू काकडीचं बी. चार येळा इचारलं, धरलंस का, धरलंस का, म्हून थापलं. यांचा मान राखाया. जळलं ते बरं झालं. आईचं बी माझ्या ट्रंकेत हाय, तिच्याच लुगड्याच्या पदराला बांधलेलं. मुंबईला नेलं नि परत आणलं. हा माणूस घरात एकटा ऱ्हायला की साफसफाई काढतो, ते मला लगीन झाल्यापास्नं ठाव हाय. येल उपटला तरी काय नाय, त्याचे दिवस भरलेच हुते.

आता तुझं. आई गेल्यावर तू घर सारवलंस तवा तूबी भिंत खरवडलीस, नि वयनीला सांगितलंस की सुंदराला कळू देऊ नको. वयनीनं मला आषाढातच सांगितलं. तुझ्याकडं आईचं एक बी नाय. हे पत्र वाचून तू आता डोकं धरून बसला असशील. बसू नको. भोपळ्याचं बी घाल, दुधीचं घाल, काय असंल ते घाल, पण सात शेण्या थापून धाड. वयनीला म्हणावं बोटं नीट उमटव. तिची करंगळी माझ्यापेक्षा बारीक हाय, पण चालंल. हे त्या भिंतीला चिकटवतील, मी वाकळ काढीन, बघीन, नि काय बोलायची नाय.

मी आळ्याशी रडले ते यांनी बघितलं हुतं, हे मला आज कळलं. मला वाटलं हुतं पेपर वाचत हुते.

पाकीट मी भाताच्या शितानं चिकटवून परत खिशात ठेवते. यांना वाटंल, आपणच चिकटवलं.

जेठात आईचं अर्धं बी घेऊन कापड्याला येते. आळं मी नि वयनी करू. तू नि हे, दोघं ओटीवर पेपर वाचत बसा.